जंबेरीची साल

इंग्रजीतील 'बार्क' या शब्दाचे तीन अर्थ आम्ही गेली एकतीस वर्षे विद्यार्थ्यांस सांगत आलो आहोत. कुत्र्याचे भुंकणे हा पहिला, झाडाची साल हा दुसरा आणि शिडाची नौका हा तिसरा. यांपैकी तिसरा अर्थ कवितेखेरीज कोठे भेटत नाही आणि परीक्षेखेरीज कोणाच्या उपयोगी पडत नाही. या शब्दाला चौथाही एक अर्थ आहे व तो खाद्य आहे, हे ज्ञान मात्र आम्हांस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही आमच्या कन्येकडून प्राप्त झाले. वितळविलेले चॉकलेट ताटात पातळ पसरावे, त्यावर फळांचे तुकडे, दाणे, मीठ असे जे रुचेल ते पेरावे, आणि थिजले म्हणजे हाताने वेडेवाकडे मोडून खावे. या तुकड्यांस 'चॉकलेट बार्क' म्हणतात. झाडावरून सुटलेल्या सालीसारखे ते दिसतात, एवढेच या नावाचे समर्थन. आमच्या रानातील ऐनाची साल ज्यांनी पाहिली आहे, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगा पडलेली, त्यांना हे नाव पटण्यास अडचण पडू नये. आपल्या मराठीने तर याहून सोय करून ठेवली आहे. 'साल' म्हटले की झाडाची आली, फळाचीही आली, आणि लिंग बदलले की वर्षही आले. या तिन्ही अर्थांशी संबंध असलेली एक घरगुती हकीकत येथे सांगावयाची आहे.

हकीकत घडली ती मार्कंड्यास, आमच्या मूळ घरी. मार्कंडा आज गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात आहे. १९८२ पर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्यातच होता. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा येथे मागे वळून पाहावे तशी उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर कोरीव मंदिरांचा समूह उभा आहे. लोक त्यास विदर्भाची काशी म्हणतात. ज्या मार्कंडेय ऋषींचे नाव या क्षेत्रास आहे त्यांची कथा वाचकांस ठाऊक आहेच. मंदबुद्धी पण दीर्घायुषी पुत्र हवा, की गुणी पण सोळाच वर्षे जगणारा, असा प्रश्न देवाने मृकंडू ऋषींना टाकला आणि त्यांनी दुसरा मागून घेतला. पुढे त्या पुत्राने शिवलिंगास मिठी मारून यमाला परतविले. महाशिवरात्रीस येथे मोठी जत्रा भरते. चंद्रपुरास नोकरीत असलेले आम्ही त्या दिवसांत चार दिवसांची रजा काढून घरी जातो. घरी आमच्या मातोश्री एकट्या राहतात, त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि गाव सोडण्याच्या सूचनेस त्यांचे उत्तर ठरलेले असते, "मले तिकडं गमत नाही."

या घराच्या परसात एक झाड आहे. १९८८ साली आमच्या वडिलांनी आम्हांस महाविद्यालयीन शिक्षणासाठी नागपुरास नेऊन वसतिगृहात ठेवले आणि परतताना तेथून संत्र्याचे एक कलम आणले. वडील प्राथमिक शिक्षक होते. एस. टी. च्या गाडीत मांडीवर कलम घेऊन ते दिवसभर प्रवास करीत आले, ही गोष्ट मातोश्री नेहमी सांगत. आमचा मुलूख भाताचा आणि रानाचा; संत्री पिकतात ती नागपूर, अमरावतीकडे. येथे संत्र्याचे झाड लावणे हा एक प्रकारचा हट्टच होता. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या शेळीने त्याचा शेंडा खाल्ला. तथापि पावसाळ्यात बुंध्यापासून नवी फूट आली, झाड जोमाने वाढले, त्यास लांब काटे आले आणि १९९४ साली पहिली फळे धरली. त्याच वर्षी आम्ही अध्यापक झालो होतो. फळे पिवळी झाली तेव्हा वडिलांनी पत्र पाठवून आम्हांस मुद्दाम बोलाविले. फळ कापले. त्याची साल जाड व खरबरीत होती, आत बियाच बिया, आणि रस इतका आंबट की तोंडात घेतलेला प्रत्येक माणूस एक डोळा मिटून दुसऱ्याकडे पाहू लागला.

या प्रकाराचा उलगडा आम्हांस पुढे एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून झाला. ते वरुडकडील संत्र्याचे बागाईतदार. नागपुरी संत्र्याचे झाड एका जीवाचे नसते, असे ते म्हणाले. आधी जंबेरीचे बी पेरून रोपे वाढवितात. जंबेरी म्हणजे खरबरीत सालीचे एक आंबट लिंबू. ते रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यास चीर देऊन त्यात संत्र्याच्या झाडाचा डोळा भरतात आणि बांधतात. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. मुळे जंबेरीची, फळे संत्र्याची. जोडाच्या खाली फूट आली तर ती वेळीच काढून टाकावी लागते, कारण ती संत्र्याची नव्हे, खुंटाची असते. आमच्या शेळीने जोडाच्या वरचे सगळे खाल्ले होते. वडिलांनी सहा वर्षे पाणी घालून वाढविली ती जंबेरी.

ही गोष्ट आम्ही पुढे अनेक वर्षे विनोद म्हणून सांगत आलो. शिक्षकांच्या खोलीत सांगितली, मित्रांच्या बैठकीत सांगितली, एकदा तर वर्गातही सांगितली. 'आमच्या वडिलांनी संत्र्याच्या आशेने लिंबाला पाणी घातले,' या वाक्यावर हशा हमखास येई. मृकंडू ऋषींना गोड पण अल्पायुषी मिळाला आणि आमच्या तीर्थरूपांच्या वाट्याला आंबट पण दीर्घायुषी आला, ही कोटीही आम्ही त्यास जोडीत असू. वडील २०११ साली गेले. कोटी त्यानंतरही चालू होती.

गेल्या पावसाळ्यात मातोश्री रात्री परसातील न्हाणीकडे जाताना त्याच झाडाखालच्या शेवाळावर घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. तेव्हा घरास लागूनच न्हाणीघर बांधावयाचे असे आम्ही ठरविले. जागा एकच होती आणि त्या जागेत जंबेरी उभी होती. मिस्त्रीने आखणी केली. जत्रा आटोपली की झाड तोडून पाया खणावयाचा असे ठरले. मातोश्रींना विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तू शिकलेला. तूच पाहा." मराठी भाषेत संमती देण्याच्या ज्या तऱ्हा आहेत त्यांत ही सर्वांत अवघड होय, परंतु त्या वेळी आम्ही ती संमतीच समजलो.

२०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस, बुधवारी होती. आम्ही शनिवारीच गावी पोहोचलो. पुण्यास नोकरी करणारी आमची कन्याही आली होती. तिने बरोबर अर्धा किलो काळे, कमी गोड चॉकलेट आणि एक स्वयंपाकाचा तापमापक आणला होता. चॉकलेटच्या स्निग्ध गोडीस आंबट फळाची जोड फार खुलते, आणि परसात फुकटची जंबेरी लगडली आहे, असा तिचा विचार. संध्याकाळी पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावरील भांड्यात तिने चॉकलेट वितळविले. ते तुपासारखे वाहू लागले. मग तिने आमच्या हाती जंबेरीचे अर्धे फळ दिले आणि आम्ही, साहित्याच्या प्राध्यापकास शोभेल अशा आत्मविश्वासाने, ते त्यात पिळले.

पुढील क्षणी जे झाले ते पाहून आम्ही दोघेही चकित झालो. वाहते चॉकलेट एकाएकी आखडले, निस्तेज झाले, आणि ओल्या मातीच्या ढेकळांसारखे पळ्याला चिकटून बसले. कन्येने आणखी ढवळले. ते आणखी घट्ट झाले. मातोश्री पाटावर बसून हे पाहत होत्या. त्यांनी आयुष्यात चॉकलेट कधी शिजविलेले नाही. त्या म्हणाल्या, "पिठात चमचाभर पानी घातलं त गोळेच होनार. एक त कोरडं ठेव, नाही त पुरतं पातळ कर."

हे त्यांचे निदान शास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरते. चॉकलेट दिसावयास द्रव असले तरी त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. साखरेची आणि कोकोची अत्यंत बारीक कोरडी पूड कोकोच्या लोण्यात तरंगत असते, एवढेच. त्यात थोडे पाणी पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांस चिकटतात. पाणी पुष्कळ घातले तर मात्र सगळेच विरघळून पुन्हा पातळ होते. मातोश्रींनी चुलीवरील दूध खाली उतरवून त्यातील दोन पेले त्या ढेकळांत ओतावयास लावले. रस अगदी थोडा, चॉकलेटमध्ये अगोदरच गुंतलेला. म्हणून दूध फाटले नाही. घोटून घोटून काळसर, दाट पेय तयार झाले आणि ते घरातल्यांनी व दोन शेजाऱ्यांनी मिळून संपविले. यात लाजण्यासारखे काही नव्हते. मध्य अमेरिकेत माया आणि ॲझटेक लोक चॉकलेट पीतच असत, तेही साखरेवाचून आणि मिरची घालून. खाण्याची घट्ट वडी ही अगदी अलीकडची युक्ती. इंग्लंडात फ्राय यांच्या कारखान्याने ती १८४७ साली प्रथम साधली. आमच्या चुकीने आम्हांस एवढेच काही शतके मागे नेले होते.

परंतु अर्ध्याहून अधिक चॉकलेट अजून उरले होते आणि कन्येचा हट्टही. तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "रस नोको. सालीचा मुरंबा कर आन तो वाळव." आणि त्यांनी स्वतः विळी पुढे ओढली.

सहा जंबेऱ्यांच्या साली चार चार फाकांत सोलून रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेविल्या. रविवारी सकाळी त्या तीन वेळा उकळल्या. दर वेळी पाणी फेकून नवे घेतले. सालीच्या आतील पांढऱ्या गराचा कडवटपणा असा निघून जातो, आणि पिवळ्या पापुद्र्यातील सुवासिक तेल बहुतांशी तेथेच राहते. मग त्यांच्या बारीक पट्ट्या कापल्या, साखरेचा पाक केला आणि पट्ट्या त्यात मंद आचेवर शिजविल्या. कन्येने तापमापक काढला. मातोश्रींनी पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांत धरून तार पाहिली. दोघींचे एकमत झाले. पट्ट्या काचेसारख्या पारदर्शक होऊ लागल्या.

त्या उकळण्याच्या वेळी, काही तरी बोलावे म्हणून, आम्ही वडिलांच्या भोळेपणाची ती जुनी गोष्ट पुन्हा काढली. मातोश्री पळी फिरवीत म्हणाल्या, "त्यांले माहीत होतं."

आम्ही विचारले, काय माहीत होते?

"हे संत्र नाही म्हनून. दुसऱ्याच साली कृषीवाला येऊन सांगून गेला होता. उपटून टाका, म्हने, दुसरं आना. हे म्हनाले, पोरगा तिकडं ठेवला आन हे इकडं आनलं, एकाच दिवशी. हे उपटलं त मले गमनार नाही." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तुले बोलावलं होतं ते संत्र खायले नोयतं. झाडाले फळ धरलं, हे दाखवाले बोलावलं होतं."

पाक उकळत होता. त्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. एकतीस वर्षे ज्या विनोदावर आम्ही हशा मिळविला त्यात फसलेला मनुष्य आमचे वडील नव्हते.

सोमवार आणि मंगळवार त्या पट्ट्या पातळ फडक्याखाली, सावलीत वाळत होत्या. आम्ही त्या दोन दिवसांत परसात अनेक वेळा जाऊन आलो. झाडाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जुना मोडका खुंटारा आहे; तो आम्ही पूर्वी कधी पाहिला नव्हता. शेळीने खाल्लेल्या कलमाचा जोड तो हाच असावा. आम्हां शिकलेल्या लोकांची जातच मुळी कलमाची. गावच्या खुंटावर नागपूर, मुंबईच्या विद्यापीठांनी इंग्रजी विद्येचा डोळा भरला, आणि वर जी फळे आली ती आम्ही आपल्या नावाने बाजारात नेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. त्या मानपत्रावर जंबेरीचे नाव कोणी घातले असेल असे वाटत नाही. खुंटाचे नाव घेण्याची रीत नाही. जोडाखालून फूट आली तर ती कापावी, हीच रीत आहे. आणि आम्ही तर आता खुंटासकट कापावयास निघालो होतो.

बुधवारी पहाटे चार वाजता आम्ही तिघे उठलो. चॉकलेटच्या कामास पहाट निवडण्याचे कारण होते. कोकोचे लोणी थिजताना त्याचे स्फटिक सहा प्रकारांनी बनू शकतात. त्यांतील पाचवा प्रकार साधला तरच वडीला तकाकी येते आणि मोडताना ती कट्कन आवाज करते. हा प्रकार सुमारे चौतीस अंशांवर वितळतो, म्हणून चॉकलेट हातात टिकते आणि जिभेवर विरघळते. चंद्रपूर, गडचिरोलीच्या उन्हाळ्यात, जेथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेथे ते हातातही टिकत नाही आणि डब्यातही नाही. परंतु माघातल्या पहाटेचा गारवा त्यास मानवतो. उरलेल्या चॉकलेटचे दोन भाग कन्येने पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवून वितळविले, खाली उतरविले, आणि तिसरा भाग बारीक चिरून त्यात थोडा थोडा घालीत ढवळीत राहिली. न वितळलेल्या तुकड्यांतील चांगले स्फटिक विरजणासारखे काम करतात. तापमान बत्तीस अंशांच्या खाली उतरले तेव्हा तिने एक थेंब मातोश्रींच्या ओठाला लावला. "गार लागते," असे त्या म्हणाल्या, आणि चॉकलेट ताटात ओतले. त्यावर जंबेरीच्या पट्ट्या, रानातून येणारी चारोळी आणि जाड्या मिठाचे चार खडे पेरले. सूर्य वर येईपर्यंत ते थिजले होते. ताट उलटे करून आपटले, आणि कन्येने एक तुकडा मोडला. कट्कन आवाज झाला.

आता प्रश्न उपवासाचा. मातोश्रींचा महाशिवरात्रीचा उपवास कडक असतो. हे उपवासाला चालते काय, असे कन्येने विचारले, आणि आम्हांस अनेक दिवसांनी विद्वत्ता दाखविण्याची संधी मिळाली. उपवासाला बटाटा चालतो, रताळे चालते, शेंगदाणे चालतात, साबुदाणा चालतो, हिरवी मिरची चालते. ही सर्व मंडळी अमेरिकेची आहेत. आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोही तिकडचाच. कोलंबसाच्या आधी आपल्या पूर्वजांनी यांतले काहीही पाहिलेले नव्हते. तेव्हा त्याच खंडातील एका झाडाच्या बियांनी काय पाप केले? शिवाय लिनियस नावाच्या पंडिताने १७५३ साली या झाडास जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच 'देवांचे अन्न' असा आहे. मातोश्रींनी हे सर्व शांतपणे ऐकले. त्यांना लिनियसचे विशेष वाटले नाही. "बियाच आहेत ना? मंग चालते," एवढे म्हणून त्यांनी एक तुकडा देव्हाऱ्यात ठेविला, एक वडिलांच्या तसबिरीपुढे ठेविला आणि एक स्वतः तोंडात टाकला.

प्रथम काळ्या चॉकलेटचा कडवटपणा, मग त्याची स्निग्धता, मग मिठाचा खडा, आणि या सर्वांच्या मागून, दातांखाली पट्टी आली म्हणजे, जंबेरीचा तो तीक्ष्ण, आंबटगोड सुवास. संत्र्याची साल इतके बोलली नसती. मातोश्री बराच वेळ चघळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलं." हा त्यांच्याकडून मिळणारा उच्च श्रेणीचा अभिप्राय होय.

जत्रा उठल्यावर मिस्त्री कुऱ्हाड घेतलेला माणूस बरोबर घेऊन आला. आम्ही त्यास परत पाठविले आणि फीत घेऊन पुन्हा मोजमाप केले. न्हाणीघराची एक भिंत दीड हात आत घेतली आणि झाडाच्या बाजूचा कोपरा तिरपा कापला, की काम भागते. झाडाखालची जमीन फरशीची करावी आणि तेथे दिवा लावावा, म्हणजे शेवाळाचाही प्रश्न उरत नाही. मिस्त्री नाराज झाला. "सर, चौरस खोलीचा कोपरा असा कोनी कापते का?" असे त्याने विचारले. आम्ही त्यास कारण सांगितले नाही.

एप्रिलमध्ये न्हाणीघर पूर्ण झाले. त्या सालचे ते आमच्या हातून घडलेले एकमेव बांधकाम, आणि तेही वाकडे. मातोश्रींनी पहिल्याच दिवशी स्नान करून बाहेर येताच तक्रार केली, की खोली फार अरुंद झाली आहे आणि बादली त्या तिरप्या कोपऱ्याला लागते. झाडाला नवी पालवी आली होती. त्यांनी उरलेले बादलीभर पाणी त्याच्या बुंध्याशी ओतले आणि त्या घरात गेल्या.